जमुनाबाईंच्या साडीवरचा मोर

नळावरून बादली घेऊन जमुनाबाई अंगणवाडीत परतल्या आणि दारातच थबकल्या. चटईवर त्यांची नवी मोतिया साडी पसरलेली, तिच्यावर हातभर लांब मोर, आणि भोवती रंगानं माखलेली अकरा पोरं कौतुकानं बसलेली.

साडी अंगणवाडीच्या सेविका रागिणीताईंना दाखवायला आणली होती. नळावर जाताना तिच्यावर कुलदीपच्या ब्रशातून उडालेला एकच निळा थेंब होता.

"मी काय सांगून गेली होती रे?"

"ज्यानं डाग पाडला त्यानंच काढायचा," कुलदीप म्हणाला. "म्या काढला ना मावशी. डागाचा मोर काढला."

तेवढ्यात आत आलेल्या रागिणीताईंनी कपाळाला हात लावला. जमुनाबाईंना मात्र हसू आवरेना. पण उद्या त्यांचा निरोपसमारंभ होता. बत्तीस वर्षं मदतनीस म्हणून खिचडी शिजवली, दर फोटोत मागे उभ्या राहिल्या. कधी निम्मा चेहरा आला, कधी नुसता पदर. उद्या पहिल्यांदा पुढच्या खुर्चीवर बसायचं होतं. त्यासाठीच ही साडी अंजनगावहून आणली होती, आणि तिच्यासारखी दुसरी घरात नव्हती.

तसा डागांच्या बाबतीत गावात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोरांचे रंगलेले फ्रॉक घेऊन आया त्यांच्याकडेच येत. घरी येऊन त्यांनी पदर खोचला. रंगाला उलट्या बाजूनं गार पाणी, कारण गरम पाणी लागलं की तो ठाण मांडून बसतो. मेणखडूवर जुना पेपर ठेवून मंद इस्त्री फिरवली. स्केचपेनच्या रेघांना कापसानं स्पिरिट लावलं. हे जाड पीस करिश्माचं, ही वाकडी रेघ डावखुऱ्या गोपालची, असं ओळखत ओळखत त्यांनी अख्खा मोर धुऊन काढला. मजा वाटत होती आणि वाईटही वाटत होतं.

डोळा तेवढा राहिला. तो कुलदीपनं रागिणीताईंच्या पक्क्या मार्करनं गिरवला होता. त्यापुढे जमुनाबाईंनीही हात टेकले.

दुसऱ्या दिवशी डोळा निऱ्यांत दडवून त्या खुर्चीवर बसल्या. पण हार घ्यायला उठल्या आणि निरी उलगडली. अमरावतीहून आलेल्या पर्यवेक्षिका हळूच म्हणाल्या, "बाई, हा डाग काढायचा राहिला वाटतं."

पुढ्यात बसलेला कुलदीप ताडकन उभा राहिला.

"राहिला नाई. म्याच काढला तो."

सगळ्यांचे डोळे साडीकडे वळले. जमुनाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. पोराचा चेहरा रडवेला झाला होता.

"हो मॅडम, यानंच काढला," त्या म्हणाल्या. "मोर होता. बाकीचा म्या धुतला, माह्यं चुकलंच."

मंडपात हशा पिकला. मग फोटोसाठी सगळे सरसावले. फोटोवाला शेखर म्हणाला, "मावशी, निऱ्या नीट करा, डाग दिसून राहिला."

जमुनाबाईंनी निऱ्या नीट केल्या. डोळा बरोबर वर आला. कुलदीपला शेजारी ओढून त्या खुर्चीत ताठ बसल्या.

"हं, काढ आता," त्या म्हणाल्या.