क्रेनवाल्याचे हात

“म्हणजे ही हँडलं कशालाच जोडलेली नाहीत?” क्रेनवाल्याने दुसऱ्यांदा विचारलं.

“तुम्हाला काय करायचंय?” बंदराचे मॅनेजर टायची गाठ सारखी करत म्हणाले. “क्रेन पाहुण्यांची माणसं खालच्या खोलीतून चालवणार, पडद्यावर बघून. तुम्ही केबिनमध्ये बसायचं, हँडल धरायचं आणि हसायचं. समोर कॅमेरा आहे. आपला माणूस दिसला पाहिजे, असं वरून आलंय.”

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. इथे शेळीने वर हसायचंही होतं.

या गरीब खंडाच्या किनाऱ्यावर पाहुण्यांच्या देशाने बांधलेलं हे कितवं तरी बंदर. धक्का त्यांचा, क्रेन त्यांच्या, जहाजं त्यांची. आपली काय ती मैत्री. आज उद्घाटनाला तिच्यावर बोलायला मंत्री आले होते. स्वतःचं घर दुसऱ्याला देऊन दारात ‘या, या’ करत उभं राहण्यात त्यांचा हातखंडा होता.

क्रेनवाला मात्र घरी सांगून बसला होता. जुन्या धक्क्यावर पोती वाहून कमरेत वाकलेले त्याचे वडील, आबा, “नवी क्रेन माझा पोरगा चालवणार” असं गल्लीभर सांगत सुटले होते. आज ते इस्त्रीचा सदरा घालून मांडवात शेवटच्या रांगेत बसले होते.

“आणि नाही बसलो तर?”

“तर उद्यापासून येऊ नका. बसणारे छप्पन्न मिळतील.”

तो वर गेला. मांडवातल्या मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा आणि हात दिसू लागले. मंत्र्यांनी बटण दाबलं; बहुतेक तेही कशाला जोडलेलं नसावं. जहाजावरून पहिला कंटेनर उचलला गेला.

“तो बघा, माझा पोरगा!” आबा शेजाऱ्याला म्हणाले.

वर क्रेनवाल्याला साऱ्यांची किळस आली, स्वतःचीही. आबांना आपण हे खोटं बघायला बसवलंय, एवढंच डोक्यात होतं. त्याने दोन्ही हात हँडलवरून काढले आणि कॅमेऱ्यासमोर वर धरले. कंटेनर आपला सरकतच राहिला.

मंत्र्यांना वाटलं, नमस्कार करतोय. त्यांनी हात हलवला. मग पाहुण्यांनी, मग मॅनेजरांनी. सगळ्या मांडवाने टाळ्यांचा कडकडाट केला.

आबा एकदा पडद्यावरच्या हातांकडे बघत होते, एकदा उतरणाऱ्या कंटेनरकडे.

“आबा, वाजवा की टाळ्या! तुमचाच पोरगा ना?”

“माझाच,” आबा म्हणाले. टाळी न वाजवता, कमरेला हात लावून, जमेल तेवढे ताठ होत ते उठून उभे राहिले.