विनातिकीट

सून आत गेलेली पाहून टीसीबाईंनी टेबलावरची छोटी बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि नाकाशी धरली. वास कसलाच आला नाही. त्यामुळे संशय उलट बळावला.

"आई, ह्यांच्या डोळ्यांचे थेंब आहेत ते," सून दारातून म्हणाली. "परवाच सांगितलं होतं."

"विसरले असेन."

विसरल्या वगैरे काही नव्हत्या. बत्तीस वर्षं आगगाडीत तिकिटं तपासून नोकरी संपली होती, सवय संपली नव्हती. विनातिकीट माणूस त्या लांबून ओळखत. एक तर तो खिडकीबाहेर बघत बसतो, नाहीतर विचारायच्या आधीच उत्तर देतो. सून त्यांना पहिल्या दिवसापासून तशी वाटत होती. लग्नाला वर्ष होत नाही तोच त्यांचा बडबड्या मुलगा मुका झाला. सकाळी पाठ धरून बसायचा, डोळे लाल, कामावर जायचं नाव नाही. आज सकाळी तर त्यांचा तोल सुटला होता. "ऊठ आता, सोंगं पुरे!" असं त्या त्याला म्हणाल्या होत्या. पण खरा राग सुनेवर होता. तिच्या माहेरी कुणीतरी वेडसर असणार आणि लग्न जमवताना त्या लोकांनी ते सोयीस्करपणे गिळलं असणार.

दुपारी तिघं मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसली. बाई मात्र पाठीचंच विचारत सुटल्या होत्या.

"सकाळी पाठ किती वेळ आखडते?"

मुलगा फरशीकडे बघत राहिला.

"साडेनऊपर्यंत," सून म्हणाली. "चाललं-फिरलं की सुटते."

"घरात पूर्वी कुणाला असा—"

"नाही," टीसीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे असलं काही नाही. हिच्या माहेरी विचारा."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही. "बायकोचं माहेर ह्यांच्या रक्तात कुठून येणार, काकू? आलं तर तुमच्याकडून, नाहीतर ह्यांच्या वडिलांकडून." मग त्या गंभीर झाल्या. "काही घराण्यांत शरीर लवकर सूज धरतं. पाठीच्या सांध्यांत, डोळ्यांत. ती बाहेरून दिसेलच असं नाही. पण आत मुरत राहिली तर काहींच्या मनालाही ती खाली ओढते. ह्यांचं तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण घरात कुणाला असेल, तर नुसत्या मनाच्या गोळ्या देऊन मी थांबणार नाही. आजच्या आज सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवीन."

समोरच्या इमारतीच्या पायऱ्या एक बाई धूत होती. बादली, फडकं, पुन्हा बादली. आपण खिडकीबाहेर बघतो आहोत हे टीसीबाईंच्या जरा उशिरा लक्षात आलं.

माहेरच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला त्यांचा भाऊ. दहा वाजेपर्यंत त्याला वाकता यायचं नाही. डोळे लालभडक. सगळे त्याला आळशी म्हणत, त्याही म्हणायच्या. त्याने जीव दिला तेव्हा घरच्यांनी न्यूमोनिया सांगितला, आणि सांगून सांगून त्यांनाही तो खरा वाटू लागला होता. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. मुलगाही तसाच हातचा जाईल, याची.

"काकू?"

"माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "ह्याचा मामा. त्याला न्यूमोनिया झालाच नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. सुनेने मान वर केली नाही. मुलाने केली.

"मामालाही सकाळी असंच व्हायचं?"

कित्येक आठवड्यांत तो आपणहून पहिल्यांदाच काही विचारत होता.

"अगदी असंच." टीसीबाई मुलाकडे वळल्या. "आणि मी त्याला म्हणायचे, ऊठ, सोंगं पुरे."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांनी नजर चुकवली नाही.

थेंबांची वेळ झाली होती. सुनेने पर्समधून बाटली काढली, क्षणभर हातात धरली आणि त्यांच्यापुढे केली.

"आई, तुम्ही घालता?"