टबातली बाहुली

टक्. बटण दाबल्याचा एवढासा आवाज झाला आणि श्वास धरून बसलेली बाहेरची खोली एकदम हलली.

"बघा, बघा!" शेजारच्या काकू पुढे सरकल्या.

ती टॉवेल घेऊन टबाशी उभी होती. मिठाच्या पाण्याच्या टबात तिच्या नवऱ्याचे पाय होते आणि पायांमध्ये वायर जोडलेली एक दांडी. पाणी पिवळसर झालं, मग तांबूस, मग चहाच्या चोथ्यासारखं.

"हे जहर!" टबबाबा गरजला. टबबाबा हे नाव पाठीमागे. तोंडावर सगळे गुरुजी म्हणत. "किडन्या म्हणजे शरीराच्या मोऱ्या. मोरी तुंबली की पाणी दारातून उपसायचं. तळवे ही दारं! आणि ताई, यांच्या गोळ्या ही दारं आतून बंद करतात. चाळीस दिवस गोळी नाही, सात बैठका घ्यायच्या."

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चार वर्षं त्याच्या किडन्या निम्म्याच चालत होत्या, म्हणून रक्तदाबाच्या दोन गोळ्या रोज. त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू म्हणशील तसं." तिनं गोळ्यांची पाकिटं पिठाच्या डब्यामागे सरकवली.

ती लाँड्रीत कपड्यांचे डाग काढायची. चहा, शाई, तेल, नुसतं बघून सांगायची. बैठकीच्या टॉवेलांवरचा डाग ओळखीचा वाटायचा, पण तिनं पाच टॉवेल न बघता गडद कपड्यांत कोंबले. सातव्या बैठकीच्या दिवशी सहावा टॉवेल पांढरा निघाला. त्याला साबण पुरला नाही, सोडाही नाही. शेवटी तिनं लिंबू-मीठ चोळून वाफ दिली आणि डाग फिका पडत गेला.

तिचा हात थांबला. हा तर गंज. चादरीत राहिलेल्या टाचणीचा पडतो तसा. रोजचा.

संध्याकाळी टब भरल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, आज आधी हिचे पाय." आणि लेकीची प्लास्टिकची बाहुली पाण्यात उभी करून तिनंच बटण दाबलं.

दहा मिनिटांत पाणी तांबूस झालं.

"अगं बाई! बाहुलीच्याही किडन्या गेल्या!" काकू फिस्सकन हसल्या.

"या घरातली बाधा उतरलीय तिच्यात," टबबाबा घाम पुसत म्हणाला.

"मग तिलाही काढते."

ताजं पाणी, ताजं मीठ, नुसती दांडी. पाणी पुन्हा तांबूस. बटण बंद करून तिनं दांडी उलटी केली. आत दोन लोखंडी पट्ट्या होत्या, झिजून झिजून खडबडीत झालेल्या.

"मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड गंजतं. तो रंग यांच्या पायांतून नाही, या पट्ट्यांतून येतो."

टबबाबा दांडी घेऊन गेला. टब न्यायचंही त्याला भान राहिलं नाही. लोक हसत होते. नवरा मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे बारीक करून बघत होता.

"उजव्या डोळ्यापुढे धूर आहे गं. चार दिवस झाले. गुरुजी म्हणाले, जहर निघताना होतं."

ती त्याला तडक डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी टबाची हकिगत ऐकली, रक्तदाब दोनदा मोजला, डोळा तपासला.

"रक्तवाहिनीला आतून अगदी पातळ अस्तर असतं. किडनी मंदावली की रक्तात साठलेली घाण ते अस्तर दुखावते, आणि वाढलेला दाब त्यावर आणखी आघात करतो. ती घाण कुठल्याही टबात धुऊन निघत नाही. अस्तर जपायचं असतं. गोळ्या दाब आटोक्यात ठेवून तेच करत होत्या. किती दिवस बंद होत्या?"

"एकोणचाळीस." तिनं मान वर केली नाही.

"डोळ्याच्या मागच्या बारीक नसांतून रक्त उतरलंय. किती दिसेल, आत्ताच नाही सांगता येणार."

"चूक दोघांची," नवरा म्हणाला. ते तिला जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं शेजाऱ्यांना सांगितलं, "कुणी चमत्कार दाखवला तर आधी आपले पाय बाहेर काढून बघा, तो तरीही घडतो का. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. मी विचारलं नाही. ते माझ्या नवऱ्याच्या डोळ्यावर आलं."

लेक बाहुलीचे पाय पुसत सगळं ऐकत होती.

"आई, बाबा तुझं ऐकतात ना?"

"हो गं."

"मग तू त्या टबबाबाचं का ऐकलंस?"