पेंढ्याची चोरी

आमच्या कार्ल्यात भिमाजीकाकांना सगळे पेंढाचोर म्हणायचे. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बोलायची सोय नव्हती. आता मी म्हातारी झाले, आता कुणाला भ्यायचं?

छत्तीस सालची गोष्ट. मी सात वर्षांची होते. तिसऱ्या वर्षीच अंथरूण ओलं करायची माझी सवय सुटली होती, ती दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाली. लघवीला आग व्हायची, मी मुळूमुळू रडायची. आई म्हणायची, "व्हईल बंद. आटव्या वर्साला समद्या पोरींचं थांबतं." हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे! वर दिवस कलला की ती मला पाण्याचा घोटही देत नसे.

ओली गोधडी रोज कुंपणावर दिसली तर गावाला कळणार, मग पोरीला पुढं सोयरीक कुठून यायची? म्हणून आईनं माझ्याखाली भाताचा पेंढा अंथरायला सुरुवात केली. सकाळी ओला पेंढा उकिरड्यात, संध्याकाळी गंजीतून नवा. वडील ओसरीवर झोपायचे, त्यांनासुद्धा पत्ता नव्हता.

माझे वडील कोंडाजी, भारी तापट. संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या ध्यानात आलं, गंजी खचतेय आणि बैलांनी तर एवढं खाल्लेलं नाही. भिमाजीकाका आमचे शेजारी, त्यांची गंजी आमच्या गंजीला लागूनच. झालं! देवळाच्या पारावर चार माणसांत वडिलांनी त्यांची बंडी धरली. "माजा पेंढा नेतोस व्हय रं?"

भांडत भांडतच दोघं आमच्या दारात आले. आई भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनीच दोघांच्या मधे उभी राहिली.

"भावजींनी न्हाई नेला. म्या काढला."

आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मी दाराआड उभी होते. आता आपल्याला मार बसणार, असं मला वाटत होतं.

वडील मटकन खाली बसले. काका मात्र पेंढा विसरून आईला विचारत होते, "आग व्हती म्हनता? कदीपासनं?"

"दिवाळीधरनं."

"अवो वहिनी! थांबल्यालं परत सुरू झालं, वर आग व्हतीया, आन् तुमी पेंढा बदलत बसला? पोरीला काय झालं म्हंजी? चला, म्या गाडी जुपतो."

आत्ताच ज्याच्यावर चोरीचा आळ घेतला, त्याच्याच बैलगाडीत बसून आम्ही लोणावळ्याला गेलो.

तिथल्या दीनानाथ डॉक्टरांनी लघवी काचेच्या नळीत तापवून पाहिली. म्हणाले, "मूत्राशयाला सूज आहे. आठव्या वर्षाची वाट बघायचं दुखणं नाही हे, बाई. पहिल्या आठवड्यातच यायचं. आणि पाणी कुणी तोडलं हिचं?"

"म्याच," आई म्हणाली.

"दिवसभर भरपूर पाजा. निम्मं औषध तेच." बाकीचं निम्मं त्यांनी बाटलीत भरून दिलं.

परतताना वडील गाडीत म्हणाले, "भिमा, उद्या पारावर समद्यांम्होरं तुजी माफी मागतो."

"आन् पेंढा कुटं गेला म्हनून सांगशील?"

वडिलांनी वळून माझ्याकडं बघितलं.

"पोरीचं नाव निघंल. ऱ्हाऊ दे. म्याच नेला म्हन."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव बघत असताना, काकांनी स्वतःच्या गंजीतले दोन भारे आणून आमच्या गंजीवर टाकले. पंधरवड्यात मी कोरडी उठू लागले. काकांचं नाव मात्र कायमचं पडलं.

माझ्या लग्नात पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "पेंढाचोर आला रं, गंजी सांबाळा!" सगळे हसले, काकाही हसले. मला राहवेना. मुंडावळ्यांसकट उठून मी तडक त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. लोक म्हणाले, पोरगी खुळी आहे. म्हणेनात का!

काकांनी मला उठवलं आणि हळूच विचारलं, "कस्तुरा, पानी पितीस न्हवं भरपूर?"