बिस्मथमधला अंगठा

दत्तात्रेयाने पळीतला वितळलेला बिस्मथ शाडूच्या उंदराच्या पोटात ओतला आणि गॅस बंद करून तो तिथेच उकिडवा बसला.

उंदीर लिंबाएवढा. पेणच्या गणपती कारखान्यात उरल्या मातीतून त्याच्या बायकोने, चंद्रावतीने तो वळला होता, तळाशी अंगठा दाबून पोकळ केला होता. ती जाऊन वर्ष होत आलं. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या घरात तिच्या हाताची म्हणावी अशी खूण तेवढीच, आणि शाडू तर आता कडेने झडू लागला होता. तो पार झडून जायच्या आत आतला अंगठा धातूत उतरवायचा, असं दत्तात्रेयाने मनाशी धरलं होतं.

बिस्मथ त्याच्या ओळखीचा. पोटाच्या औषधासाठी तो विरघळवण्यात कंपनीत त्याची उभी हयात गेली. जड, ठिसूळ, गुलाबी झाक असलेला धातू. घरच्या गॅसवरही वितळतो. बहुतेक धातू निवताना आकसतात. हा पठ्ठ्या मात्र पाण्याच्या बर्फासारखा फुगतो आणि बारीकातली बारीक रेघ भरून काढतो. म्हणून तर त्याने साहेबांकडून एक तुकडा मागून आणला होता. फुगताना उंदीर फुटणार, हेही त्याला ठाऊक होतं. एकच उंदीर, एकच डाव.

धातूवर निळी-जांभळी साय चढली आणि शाडू तडकला. दत्तात्रेयाने माती धुऊन काढली. अंगठा निघाला, जरासा डावीकडे कललेला, टोकाला नखाची खूणसुद्धा. पण ठशाची रेघ एकही नाही. चिंचोक्यासारखा गुळगुळीत!

"हात्तिच्या! घात केला मी," तो म्हणाला. होतं नव्हतं तेही आपल्याच हाताने घालवलं. मग तो रडला, मोठ्याने रडला. घरात होतं कोण ऐकायला?

दुसऱ्या दिवशी त्याने पेण गाठलं. कारखान्यात चंद्रावतीच्या शेजारी बसून मूर्ती घासणारी सीताबाई अजून त्याच जागी होती.

"भावोजी! वाट चुकलात काय?"

त्याने तो तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. "तिच्या हातचा दुसरा उंदीर हाय काय कुठं? याच्यात रेघा उठल्या नाय. माझंच कायतरी चुकलं."

सीताबाईने तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग मुठीत घट्ट धरला.

"तिच्या अंगठ्याला रेघा होत्या कुठं, भावोजी? पॉलिशपेपरनं मूर्त्या घासून घासून गेल्या साऱ्या. रेशनच्या मशीनवर अंगठाच उठायचा नाय तिचा. चार माणसांत परत पाठवायचे. इथं येऊन रडायची बिचारी. तुम्हांला बोलली नाय कधी?"

"नाय."

"हा तिचाच हाय. मी ओळखते ना!"

दत्तात्रेयाने तुकडा परत घेतला. इतक्या वर्षांत बायकोचा हात आपण कधी नीट हातात धरला नाही, याची त्याला भयंकर लाज वाटली. बाहेर रिक्षावाला स्टेशन, स्टेशन म्हणून ओरडत होता.

"तुमची रोह्याची गाडी चुकेल," सीताबाई म्हणाली.

"चुकू दे," म्हणत तो प्लास्टरच्या गोणीवर बसला. "सीताबाई, आणखी काय काय बोलायची ती तुमच्यापाशी?"