जंजिऱ्यावरचं अर्धं नाव

गणपतीचा हंगाम संपला, की जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात जितेशचं तोंड वाकडं व्हायचं. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करावी ती त्यानंच! पण दहा दिवसांत सगळे डोळे पाण्यात. "आपलं मागं काय राहतं?" हे त्याचं रडगाणं ऐकून बायको, अनिता, अगदी विटली होती.

यंदा दिवाळीनंतर कारखान्याची सहल जंजिऱ्याला निघाली. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटली आणि वीस जणांनी अशी आरोळी ठोकली, की होडीवाले सईदचाचा हसले. "अरे, सबुरीनं! किल्ला कुठं पळत नाय."

तोफा पाहून झाल्या, समुद्रातल्या गोड्या तळ्याचं नवल करून झालं. भाकऱ्या सुटल्या, तेव्हा जितेश गुपचूप बुरुजामागं गेला. खिशातून लाल रंगाची डबी आणि कुंचला काढला. भिंतीवर वळणदार 'जिते' उमटलं, तोच मागून आवाज आला, "काय रे, कसली आखणी चाललीय?"

हौसामावशी! तीस वर्षं कारखान्यात मूर्ती घासून गुळगुळीत करणारी.

"मावशी, आपलं सगळं पाण्यात जातं गो. दगडावर तरी नाव राहू दे!"

मावशी रागावली नाही. हाताला धरून त्याला दरवाजाशी घेऊन गेली. तिथं दगडात कोरलेला वाघासारखा प्राणी होता, पंजात हत्ती धरलेला.

"कोणी केला हा?"

"काय ठाव! नाव कुठं हाय?"

"नाय ना? तरी येणारा जाणारा थांबून बघतो. माझी नात तुझ्या मूर्तीपुढं बसून म्हणते, बाप्पा माझ्याकडंच बघतो. ते कोणी केलं? आणि काय रे, मूर्तीच्या पाठीवर कधी नाव लिहिलंस?"

"छे! मूर्ती काय माझ्या एकट्याची असते?"

"मग किल्ला तुझ्या एकट्याचा हाय?"

जितेश शरमला. धावत गेला आणि ओल्या रुमालानं भिंत पुसू लागला. खाली होडीतून सईदचाचा हाका मारत होते. 'जिते' गेलं, तरी याचा हात थांबेना. शेजारी कुणीतरी कोळशानं लिहिलेलं नाव होतं, तेही तो घासायला लागला.

"अहो, ते तुमचं नाय!" त्याला शोधत आलेली अनिता ओरडली.

"नाव माझं नाय, पण भिंत माझीच हाय ना!"

अनिता हसली आणि तिनंही पदर खोचला.

मंडळी, गडकिल्ले जरूर बघा, पोटभर हिंडा. पण ती सगळ्यांची ठेव आहे, आपली वही नव्हे! नाव राहावं असं वाटलंच, तर हातचं काम असं करा, की बघणाऱ्यानं थांबून विचारावं, "हे केलं तरी कोणी?"