अकरावा ठिपका

पंचवीस वर्षांत पेंटरने एकाही भिंतीवर रंगाचा ओघळ राहू दिला नव्हता. लोक अक्षरं बघायचे, तो ओघळ शोधायचा. त्यामुळे काल संध्याकाळी शाळेच्या भिंतीवरच्या सोडियमच्या अणूवर शेवटचा हात फिरवताना, सगळ्यांत बाहेरच्या रिंगणावर एकटाच बसलेला निळा ठिपका दिसला, तेव्हा आपलाच ब्रश झटकला गेला असणार, असं धरून त्याने तो टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून टाकला.

आज अकराला विज्ञान प्रदर्शन. भिंतीपुढे उभी राहून बोलणार होती त्याचीच सातवीतली मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणत, आणि सकाळपासून ती त्या नावाला जागत होती.

"मध्ये केंद्रक. त्यात अकरा प्रोटॉन, बारा न्यूट्रॉन. भोवती अकरा इलेक्ट्रॉन. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात एक."

पेंटरचा कप ओठांशीच थांबला. "तिसऱ्यात किती?"

"एक. तोच तर महत्त्वाचा, बाबा."

"एवढासा ठिपका! नसला तर काय आभाळ कोसळतं?"

"प्रोटॉन अकरा, इलेक्ट्रॉन दहा, मग तो साधा अणू राहत नाही, आयन होतो. त्या एकामुळेच सोडियमला चैन नसते. कधी एकदा कुणाच्या गळ्यात मारतो, असं झालेलं असतं त्याला." ती थबकली. "गेल्या वर्षीसारखं काही केलं नाहीत ना?"

गेल्या वर्षी त्याने हृदयाचे डावे-उजवे कप्पे आपल्या हातांना जुळतील असे, म्हणजे नेमके उलटे, लिहिले होते. भिंगरी आठवडाभर मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडली नव्हती.

"छे! काहीतरीच काय."

मग "ब्रश शाळेत राहिलाय" अशी थाप मारून तो रंगाचा डबा घेऊन सुटला, आणि ब्रश खरोखरच घरी विसरला.

फाटकावर वॉचमनने अडवलं. "पालकांना अकरानंतर."

"मी पेंटर म्हणून आलोय."

"रंगवून झालंय की."

"एक इलेक्ट्रॉन बाहेर राहिलाय हो!"

वॉचमनने वही पुढे सरकवली. "मग त्याचंही नाव लिहा."

पेंटरने लिहिलं आणि तो धावला. अकराला दोन मिनिटं कमी. ब्रश सापडेना, तेव्हा त्याने बोटच डब्यात बुडवून भिंतीवर टेकवलं. मागून विज्ञानाच्या बाई पाहुण्यांना घेऊन आल्याच, पुढे भिंगरी. घाईत रंग जास्त झाला होता. ठिपका फुगला आणि खाली निघाला.

पेंटरचा फडक्याचा हात आपोआप वर गेला. भिंगरीने निळं बोट पाहिलं, ओघळ पाहिला, फडकं पाहिलं. तिचे कान लाल झाले. मग तिने छडी उचलली.

"...दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात एक. हा शेवटचा फार अस्वस्थ असतो. संधी मिळाली की सोडियमला सोडून जातो. बघा, निघालाच आहे."

पाहुणे हसले. ओघळ आणखी बोटभर उतरला. पेंटरने आपला फडक्याचा हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.